तापमापक आणि दोन ग्रंथी

पहाटे अंथरुण सोडण्यापूर्वी काखेत तापमापक ठेवून थायरॉइडची परीक्षा करण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ साली मांडली. ९७.८ ते ९८.२ अंश फॅरनहाइट ही मर्यादा त्यांनी स्वाभाविक मानली. पुढे काहींनी त्यात भर घातली: तापमान कमी पण स्थिर असेल तर दोष थायरॉइडचा, रोज खाली-वर होत असेल तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचा.

थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की चयापचय मंदावतो व थंडी सोसत नाही, हे खरे. परंतु झोप, ऋतू, वय आणि मासिक पाळी यांमुळेही तापमान बदलते. म्हणून केवळ त्यावरून निदान होत नाही.

येथील चूक जिवावर बेतू शकते. लंडनचे थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेल्या अधिवृक्क विकारात थकवा येतो, वजन घटते, त्वचा काळवंडते, उभे राहताच भोवळ येते. अशा रुग्णास आधी थायरॉइडची गोळी दिल्यास शरीरातील अपुरे कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची पडते आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. दोन्ही दोष असतील, तर डॉक्टर प्रथम कॉर्टिसॉलची उणीव भरून काढतात.

यास्तव थकवा दीर्घकाळ टिकल्यास टीएसएच व टी-४ यांची, आणि वरील लक्षणे असल्यास सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी वैद्यकीय सल्ल्याने करावी. घरातील दुसऱ्याची थायरॉइडची गोळी मात्र कधीही घेऊ नये.