चार दिवस, एकच हिशेब

स्ट्रोकप्ले गोल्फमध्ये प्रत्येक फटका मोजला जातो. चार दिवस, रोज 18 होल. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकला. मॅचप्लेमध्ये एखादा होल बिघडला तर तेवढाच होल हातचा जातो. इथे गुरुवारी वाढलेला फटका रविवारीही खात्यावर असतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2021 मध्ये, बंगळूरची अदिती अशोक असेच चार दिवस झुंजली. जागतिक क्रमवारीत 200वी, कॅडी म्हणून सोबत आई. लांब फटक्यांत ती इतरांच्या मागे पडत होती; ती भरपाई तिने पटिंगने, म्हणजे हिरवळीवरच्या शेवटच्या नाजूक फटक्यांनी केली. 67, 66, 68, 68: एकूण 269. पार, म्हणजे एका फेरीसाठी अपेक्षित फटके, 71; म्हणजे चार फेऱ्यांत पारपेक्षा 15 फटके कमी. तिसऱ्या दिवसाअखेर ती दुसरी होती. शेवटच्या दिवशी वादळामुळे खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. नेली कोर्डा 267 वर सुवर्ण घेऊन गेली. मोने इनामी आणि लिडिया को 268 वर बरोबरीत राहिल्या, आणि प्लेऑफमध्ये इनामीला रौप्य मिळालं. अदिती चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं, तरी भारतीय गोल्फमधली ही कामगिरी मला फार मोठी वाटते.