धातूची नळी आणि मातीची चिलीम

गेल्या हिवाळ्यात सासरे दोह्याला आले होते. सूक वाकिफमध्ये एका दुकानापुढे ते थबकले. काचेच्या कपाटात वीतभर नळ्या, टोकाला इवलीशी वाटी. काही लाकडी, काही चकचकीत धातूच्या. याला आखातात मदवाख म्हणतात. त्यात भरायचा कोरडा, बारीक तंबाखू म्हणजे दोखा. अरबीत अर्थ चक्कर. बाबांना ऐकू आलं ‘धोका’! फारसं चुकलं नाही म्हणा.

बाबांनी तरुणपणी शेतावर चिलीम ओढलेली. मातीची, आत खडा, तोंडाशी ओलं फडकं. “धातूनं ओठ भाजत नसतील?” त्यांनी विचारलं. मी एके काळी आठवीला विज्ञान शिकवायची; लगेच फळ्यापाशी पोचले. मदवाख दोन-तीन झुरक्यांत संपतो, तेवढ्यात नळी फार तापत नाही. शिवाय धातू धुराची उष्णता पटकन ओढून हवेत सोडतो. धूर गार होतो, ओल नळीतच साचते. अमेरिकेत १९३६ साली निघालेल्या फाल्कन पाइपला ॲल्युमिनियमची दांडी असते, ती याचसाठी. लाकडी दांडी हाताला गार लागते, पण धुराची उष्णता तितकी काढून घेत नाही.

“म्हणजे धातूची चांगली ना, आजोबा?” सहावीतला लेक मध्येच म्हणाला.

माझा धडा अडला. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस तो आणखी खोल ओढतो. कार्बन मोनॉक्साइड काही नळीत अडकत नाही. हे त्याला कसं सांगावं, या विचारात होते, तोवर बाबांनी खिशातून इनहेलर काढला.

“मला आता ही नळी लागते बघ.”