पायाचा जोर, चाकाचा वेग

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणा आणि पॅडल हाताने सावकाश, बरोबर एक फेरा फिरवा. साध्या, बिनगिअरच्या सायकलीचं चाक तेवढ्यात जवळजवळ अडीच वेळा फिरतं. पुढच्या चकतीला 44 दात आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 असतील, तर 44 भागिले 18 म्हणजे 2.44. दोन्ही चकत्यांवरून एकच चेन धावते, म्हणून दातांमधलं अंतर दोन्हीकडे सारखंच, अर्धा इंच असावं लागतं. चकती जितकी मोठी, तितके दात जास्त. त्यामुळे आकार मोजायची गरजच नाही, दात मोजले की झालं.

आता हिशेब पुढे नेऊ. 28 इंची चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले, तर ताशी 19 किलोमीटर. पण त्याच फेऱ्यात पाऊल फिरतं ते जेमतेम 1 मीटर, कारण क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, लांबी 17 सेंटिमीटरच्या आसपास असते. या पाचपट अंतराची किंमत जोरात मोजावी लागते. पायाने 20 किलोचा जोर लावला, तर रस्त्याला मिळतो सुमारे 4 किलोचा. चकत्यांची कुठलीही जोडी घ्या, वेगात जितकं मिळतं तितकं जोरात जातं. शक्ती वाढवणारा गिअर अजून कुणी बनवलेला नाही, आणि बनणारही नाही. उलट चेन आणि बेअरिंगचं घर्षण त्यातला थोडा वाटा खातंच.

सपाटीवर हा सौदा छान जमतो. चढावर तो अंगावर येतो. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो, आणि रस्ता दर 20 मीटरला 1 मीटर वर चढणारा. एवढा चढ सायकलला सव्वाचार किलोच्या जोराने मागे ओढतो. म्हणजे पायाला सरासरी 21 किलो लावत राहायचं. पॅडल वर किंवा खाली टोकाला असताना पायाचा उपयोग होत नाही, म्हणून मधल्या टप्प्यात 30-35 किलो दाबावं लागतं. धापा लागतात, माणूस सीटवरून उठतो, आणि थोड्याच वेळात सायकल हातात धरून चालू लागतो. आता पुढे 28 आणि मागेही 28 दात घ्या. चाक एका फेऱ्यात एकदाच फिरेल, पायाला सरासरी 9 किलोच लागतील आणि वेग ताशी 8 किलोमीटरवर येईल. निरोगी माणसाला बराच वेळ झेपेल असं हे काम आहे. वर पोचायला वेळ लागेल, पण माणूस पोचेल.

रसवंतीतल्या चरकाकडे पाहिलं, की चित्र नेमकं उलटं दिसतं. तिथे लहान चाक मोठ्याला फिरवतं. विजेची मोटर मिनिटाला 1,400 च्या आसपास फेरे घेते, पण ऊस चिरडण्याइतका जोर तिच्या दांड्यात नसतो. आधी पट्टा आणि मग दातेरी चाकं तिचा वेग उतरवत नेतात, तेव्हा कुठे लाटा संथपणे, पण दाबून फिरतात. सायकलीत मोठी चकती लहानीला फिरवते, कारण पाय हे इंजिनच वेगळं आहे: जोर भरपूर, फेरे कमी. मिनिटाला 60 ते 90 फेऱ्यांमध्ये ते खूश असतं. गिअर कसा असावा, हे आधी कामापेक्षा काम करणाऱ्याच्या स्वभावावरून ठरवावं, असं मला ठामपणे वाटतं.

चेन नव्हती तेव्हा हा स्वभाव सांभाळणं फार महाग पडे. एकोणिसाव्या शतकातल्या उंच सायकलींची पॅडलं थेट पुढच्या चाकालाच असत. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच, म्हणून वेग हवा तर चाकच मोठं करायचं. ते दीड मीटरपर्यंत वाढलं आणि तिथेच अडलं, कारण त्यापुढे स्वाराचा पाय पुरेना. शिवाय एवढ्या उंचीवरून तोंडावर आपटण्याची भीती कायमची. 1885 मध्ये इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. मागच्या चाकाला चेन, दोन्ही चाकं जवळपास सारखी. मोठ्या चाकाचं काम आता दोन चकत्या करू लागल्या आणि माणसाचे पाय जमिनीला टेकू लागले. इतकी साधी आणि इतकी उपकारक दुरुस्ती यंत्रांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

गिअर बदलण्याची सोय मात्र शर्यतींमध्ये सहज स्वीकारली गेली नाही. 1903 मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज यांचा तिला विरोध होता. स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चकत्या लावत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरला तिथे परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. त्या किताबामागे छाती आणि मांड्या असतातच, पण कोणत्या वळणाला कोणती चकती घ्यायची याची जाणही असते.

तुमच्या सायकलला गिअर असतील, तर चढ सुरू होण्याआधीच मागे मोठी चकती घ्या. पाय जोर लावत असताना ताणलेली चेन नीट सरकत नाही, कुरकुरते आणि कधी निसटतेही. गिअर नसतील आणि रोजच्या वाटेवर चढ असेल, तर मागचं 18 दातांचं फ्रीव्हील बदलून 22 चं बसवून घ्या. चेनला बहुधा एखाददुसरी कडी जोडावी लागेल. सपाटीवरचा वेग साधारण 18 टक्क्यांनी उतरेल, पण तेवढ्याच मेहनतीत चाकाला जोर 22 टक्के जास्त मिळेल.