आवाज कमी का होईना?

नववीच्या मुलांबरोबर आम्ही गिटारसाठीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा संच जोडायला घेतला. ९ व्होल्टची बॅटरी, गिटारच्या क्षीण संकेताला आधार देणारा एक ट्रान्झिस्टर, पुढे ‘एलएम ३८६’ ही चिप आणि स्पीकर, एवढाच कारभार. (व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर शाळेत उघडू नयेत, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.) बोर्डावरचे काम नीट झाले. शेवटी पुढच्या पट्टीवरच्या बटणांपर्यंत तारा ओढल्या आणि गिटार छेडली. स्पीकर दणाणला. पण व्हॉल्यूमचे बटण कुठेही फिरवा, आवाज जवळजवळ तेवढाच! ‘सर, पॉट खराब आहे,’ असा निकाल मुलांनी लगेच देऊन टाकला.

खरेच तसे होते का? पॉटला तीन पाय असतात. दोन टोकांच्या पायांमध्ये कार्बनची पट्टी असते, आमच्या पॉटमध्ये १० किलोओहमची. मधला पाय त्या पट्टीवर सरकणाऱ्या स्पर्शकाला जोडलेला असतो. एका टोकाला संकेत द्यायचा, दुसरे टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे ग्राउंडला जोडायचे. स्पर्शक जिथे असेल त्या प्रमाणात व्होल्टेजची वाटणी होते आणि तेवढाच वाटा चिपला मिळतो.

आता समजा, ग्राउंडचे टोक सुटले. मग वाटणी करायला कोणी उरतच नाही. पट्टी ही चिपच्या वाटेतला नुसता रोध होते. चिपचा स्वतःचा आदानरोध सुमारे ५० किलोओहम. बटण पूर्ण बंद केले तरी वाटेत १० किलोओहमच येणार, म्हणजे ५०/६०, सुमारे ८३ टक्के व्होल्टेज चिपपर्यंत पोचणारच. हा फरक कानाला जेमतेम कळतो. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरचे वागणे नेमके असेच होते! मल्टिमीटरची एक सुई ग्राउंडच्या पायावर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली. जोड नाही. पॉट निर्दोष सुटला.

सांधा मात्र दिसायला जोडलेला होता. पायावर कथलाचा गोल मणी बसला होता आणि तार त्यात रुतली होती. चूक कुठे झाली हे समजायला कल्हईवाल्याची आठवण उपयोगी पडते. तो आधी भांडे तापवतो, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि मगच कथील लावतो. भांडे थंड असेल तर कथील पसरत नाही. सोल्डरिंगमध्ये नवसागराचे काम सोल्डरच्या तारेतली राळ करते. कथील-शिशाचे ६३:३७ मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळते, पण तांबे व पाय दोन्ही तितके तापलेले हवेत. मुले कथील आधी इस्त्रीच्या टोकावर वितळवून सांध्यावर ‘ठेवत’ होती. तोवर राळ धूर होऊन गेलेली. त्यातून ग्राउंडच्या पायावर जाळीच्या तारेची जाड जाळी. इतके तांबे उष्णता झपाट्याने खेचून घेते. म्हणून नेमका तोच सांधा थंड राहिला.

इस्त्रीचे टोक जाळी आणि पाय दोघांना टेकवून दोन-तीन सेकंद धरले आणि सोल्डर सांध्यालाच लावले. ते आपोआप पसरले, कडेला अंतर्वक्र झाले. मणी झाला तर समजावे, बिघडले. (शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळते आणि चांगला सांधाही निस्तेज दिसतो.) खिडकी उघडी ठेवावी, हात धुवावेत.

ही जाळी हवीच. आतल्या तारेला ती घरातल्या विजेच्या ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीपासून वाचवते. मधल्या पायाच्या तारेची जाळी मात्र बोर्डाकडेच जोडून पॉटजवळ कापावी.

एका गटाचा आवाज बटण डावीकडे फिरवल्यावर वाढत होता. दांडा आपल्याकडे, पाय खाली धरले की डावा पाय ग्राउंडचा. पण डाख देताना आपण पॉट मागून पाहतो, तेव्हा तोच उजवीकडे येतो!

दुसऱ्या एका गटाचा आवाज बटण थोडे फिरवताच एकदम वाढे आणि पुढे फारसा बदलत नसे. त्यांच्या पॉटवर ‘बी १० के’ होते, आमच्यावर ‘ए १० के’. आशियाई बनावटीच्या पॉटवर बहुधा ‘बी’ म्हणजे समप्रमाणात वाढणारा रोध. ‘ए’चा रोध सुरुवातीला सावकाश वाढतो, बटण मध्यावर असताना वाटा साधारण १० ते १५ टक्केच मिळतो. त्यामुळे कानाला आवाज बऱ्यापैकी एकसारखा वाढल्यासारखा वाटतो.