विश्लेषण : क्लासिक पोर्शे वर्षानुवर्षे उभी, मग तिचे इंजिन धडधाकट कसे मानायचे?

‘४० वर्षांत फक्त ३० हजार किलोमीटर’ अशी ओळ जुन्या पोर्शे ९११च्या जाहिरातीत असली, की किंमत आपोआप चढते. पण काट्यावरचा कमी आकडा इंजिनाच्या प्रकृतीची हमी देत नाही. ते ठरवायचे कसे? १९७८ ते १९८९ या काळातल्या ९११ एससी आणि ३.२ कॅरेरा या मॉडेल्सचे उदाहरण घेऊ.

उभ्या गाडीचे काय बिघडते?

इंजिन बंद झाले की आत ओलावा धरतो. लांब फेरीत ऑइल नीट तापते आणि हे पाणी वाफ होऊन निघून जाते. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन सुरू करून ठेवणारे मालक गाडीची काळजी घेतोय असे समजतात. प्रत्यक्षात ते ऑइलमध्ये पाण्याची भर घालत असतात. पिस्टन रिंगा चिकटतात, व्हॉल्व्ह जिथे बसतात तिथे गंज धरतो, रबरी सील कडक होतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टाकीत पडून राहिले तर तेही पाणी शोषते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभ्या असलेल्या साध्या हॅचबॅकचीही गत फार वेगळी नसते.

पहिल्या धुराला घाबरावे का?

नाही. ९११चे सहा सिलिंडर उभे नसून आडवे, समोरासमोर असतात. गाडी उभी असताना थोडे ऑइल त्यांत झिरपते आणि सुरू करताच निळसर धुराचा लोट येतो. तो मिनिटभरात विरायला हवा. इंजिन तापल्यावर, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर आला, तर मात्र व्हॉल्व्ह गाइड झिजल्याची शंका घ्यावी. म्हणून गाडी पाहायला जाताना ‘इंजिन आधी सुरू करून ठेवू नका’ असे विक्रेत्याला बजावावे. पोहोचल्यावर बॉनेट गरम लागले (या गाडीचे इंजिन मागे असते, म्हणजे मागचे झाकण) तर का, ते विचारावे.

ऑइल पाहण्यातही एक मेख आहे. या इंजिनाचे ऑइल वेगळ्या टाकीत असते. पातळी पाहायची ती गाडी सपाट जागेवर, इंजिन तापलेले आणि सुरू असताना. थंड इंजिनावर डिपस्टिक कोरडी दिसते, मग कोणीतरी दोन लिटर जास्तीचे ओतते.

खरी चाचणी कोणती?

कॉम्प्रेशन चाचणीत सहाही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एकच आकडा उंच असून उपयोग नाही. त्याहून बोलकी लीक-डाऊन चाचणी. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना स्पार्क प्लगच्या जागेतून दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आत उत्तम, वीसच्या पुढे चिंता. हवा कुठून फुसफुसते ते कान देऊन ऐकावे : सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा.

मात्र वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा पहिला निकाल वाईट आला म्हणून लगेच इंजिन उघडू नये. ऑइल बदलून, काही शे किलोमीटर चालवून पुन्हा मोजावे. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा मोकळ्या होतात.

या मॉडेलचे खास दुखणे कोणते?

सिलिंडर हेड दाबून धरणारे २४ स्टड. त्यातले खालच्या बाजूचे ‘डिलावार’ मिश्रधातूचे स्टड गंजून तुटतात, आणि गाडी न चालवताही तुटतात. खालची व्हॉल्व्ह कव्हर काढली की सुटलेला तुकडा कधी कधी थेट हातातच येतो. एससीमध्ये आणखी एक पाहावे : टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर. १९८४ पासून त्याला इंजिनातल्या ऑइलचा दाब मिळू लागला. अनेक जुन्या गाड्यांत ती सुधारणा नंतर बसवलेली असते. जुना टेन्शनर निकामी झाला तर चेन सरकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. स्टड बदलायचे तर इंजिन गाडीतून उतरवावेच लागते. त्यामुळे व्हॉल्व्ह कव्हर उघडायला विक्रेता तयार नसेल, तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.