पाठांचीं मुक्त भांडारें व त्यांचा उपयोग

'पाठ' या शब्दाचे संस्कृतांत दोन अर्थ विशेष रूढ आहेत. गुरु शिष्यास जो धडा देतो तो पाठ. आणि एखाद्या पोथींत ग्रंथकाराचे शब्द ज्या रूपानें आढळतात तें रूप, तोहि पाठच. पहिल्या अर्थाशीं शिक्षकाचा संबंध येतो, दुसऱ्याशीं संशोधकाचा. पाठभेद, पुष्पिका, प्रक्षेप, लेखनप्रमाद यांचा विचार या त्रैमासिकाच्या वाचकांस नित्याचा आहे. हीच परीक्षा आतां पहिल्या अर्थाच्या पाठांनाहि लावण्याची वेळ आली आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत उच्च शिक्षणांतील अध्यापकांनीं आपलीं टांचणें, व्याख्यानें, नकाशे, चित्रें, स्वाध्याय व प्रश्नसंच इंटरनेटवरील विनामूल्य भांडारांत ठेवण्याचा प्रघात पाडला आहे. अशा साहित्यास 'मुक्त शैक्षणिक संसाधनें' असें नांव आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांना त्याचें काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, पोथी वाचणारा तयार झाला नाहीं तर पोथी जतन करूनहि ती मुकीच राहते. आणि वाचणारा तयार करण्याचें साधन म्हणजे पाठ होय.

(१) उपक्रमाचा इतिहास

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें ता. ४ एप्रिल २००१ रोजीं असें जाहीर केलें कीं, आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांचें साहित्य ती जगास विनामूल्य खुलें करणार आहे. त्या वेळीं चार्ल्स वेस्ट हे संस्थेचे अध्यक्ष होते. सप्टेंबर २००२ मध्यें पन्नास अभ्यासक्रम प्रथम प्रसिद्ध झाले व २००७ अखेर त्यांची संख्या सुमारें अठराशेंपर्यंत गेली. या योजनेस 'ओपनकोर्सवेअर' म्हणतात. तींत पदवी मिळत नाहीं व गुरूची गांठहि पडत नाहीं. मिळतें तें साहित्य: विषयाची आंखणी, वाचनाची यादी, टांचणें, स्वाध्याय आणि परीक्षेचे प्रश्न. जुलै २००२ मध्यें युनेस्कोनें पॅरिस येथें भरविलेल्या सभेंत अशा साहित्यास वर सांगितलेलें सामान्य नांव देण्यांत आलें. आणि नोव्हेंबर २०१९ मध्यें युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनें सर्व सभासद राष्ट्रांसाठीं तत्संबंधीं एक शिफारस संमत केली.

आपल्या देशांत सात आय. आय. टी. व बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनीं केंद्र सरकारच्या द्रव्यसाहाय्यानें २००३ सालीं 'एन. पी. टी. ई. एल.' ही योजना सुरू केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या स्वाध्यायपुस्तिका 'ईज्ञानकोश' या भांडारांत मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'ई-पीजी पाठशाला' पदव्युत्तर विषयांसाठीं आहे. ता. ९ जुलै २०१७ रोजीं सुरू झालेलें 'स्वयम्' हें मात्र भांडार नसून वर्ग आहे. तेथें नांव नोंदवावें लागतें व अभ्यासक्रमाची मुदत ठरलेली असते. वर्ग भरतो आणि सुटतो. भांडाराचें दार सदा उघडें असतें. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांचा गोंधळ होतो.

(२) भांडार व सूची

दुसरा एक भेद आमच्या वाचकांस सहज समजेल. आउफ्रेष्ट यांचा 'कॅटलोगस कॅटलोगोरम' तीन भागांत १८९१ ते १९०३ या काळांत प्रसिद्ध झाला. त्यांत पोथ्या नाहींत. कोणती पोथी कोठें आहे, एवढेंच त्यावरून कळतें. उलट भांडारकर संस्थेंत प्रत्यक्ष पोथ्या आहेत. इंटरनेटवरहि हे दोन्ही प्रकार आढळतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनें १९९७ सालीं सुरू केलेलें 'मर्लॉट' हें मुख्यतः सूचीच्या जातीचें आहे. तें पाठ बहुधा स्वतः ठेवीत नाहीं. पाठ जेथें असेल तेथील दुवा देतें. 'ओपनकोर्सवेअर' अगर 'ईज्ञानकोश' हीं भांडाराच्या जातीचीं होत. सूचींत नोंद असूनहि मूळ पाठ जागेवरून नाहींसा झालेला असूं शकतो. ज्यांनीं जुन्या याद्यांतील पोथ्यांचा गांवोगांव शोध केला आहे त्यांना ही अडचण नवी नाहीं. सूचींत कांहीं उपयोगी दिसलें तर मूळ पाठ त्याच दिवशीं उतरून घ्यावा, आणि कोठून व कोणत्या तारखेस घेतला तें त्यावर लिहून ठेवावें.

(३) पाठाची परीक्षा

भांडारांतील पाठ हातीं आल्यावर प्रथम त्याची पुष्पिका पाहावी. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, शक, तिथि, स्थळ व कोणासाठीं लिहिलें हें सांगतो. पाठाबरोबरहि ही माहिती असावी लागते. १९९५ सालीं अमेरिकेंतील डब्लिन या गांवीं भरलेल्या सभेंतून जी नोंदपद्धति पुढें सिद्ध झाली तींत कर्ता, शीर्षक, तारीख, भाषा, मूळ, हक्क इत्यादि पंधरा सदरें आहेत. पुष्कळ भांडारें याच पद्धतीच्या आधारें चालतात. ज्या पाठाला कर्ता नाहीं, तारीख नाहीं आणि कोणत्या इयत्तेसाठीं रचला याचा निर्देश नाहीं, त्यास पुष्पिका गळालेल्या पोथीइतकाच मान द्यावा. त्याचा उपयोग करूं नये असें नाहीं. पण त्यावर भिस्त ठेवूं नये.

दुसरी परीक्षा पाठभेदांची. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं भांडारकर संस्थेस सुमारें १२५९ हस्तलिखितांचा आधार घ्यावा लागला, आणि हें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें. कोणत्या लेखकानें कोणत्या प्रतीवरून काय घेतलें व काय घातलें याची नोंद त्यांनीं ठेवली नव्हती. ती वंशावळ संपादकांना मागाहून जुळवावी लागली. चांगल्या भांडारांत हे श्रम वांचतात. युरोपांतील सर्न या संशोधनसंस्थेनें २०१३ सालीं सुरू केलेल्या 'झेनोडो' या भांडारांत प्रत्येक आवृत्तीस स्वतंत्र कायम क्रमांक मिळतो, व सर्व आवृत्तींस मिळून आणखी एक क्रमांक असतो. मूळ पाठ, त्यावरची दुरुस्ती आणि दुसऱ्यानें त्यावरून रचलेला पाठ हीं वेगळीं ओळखतां येतात. पाठाचा निर्देश करतांना आवृत्तीचा क्रमांक अवश्य द्यावा.

तिसरी परीक्षा गुणदोषांची. भांडारांत ठेवला म्हणजे पाठ शुद्ध, असा समज करून घेऊं नये. 'मर्लॉट'मध्यें त्या त्या विषयांतील अध्यापकांचीं मंडळें कांहीं पाठांची परीक्षा करतात. ती करतांना विषयाची शुद्धता, शिकविण्याच्या कामीं होणारा उपयोग आणि वापरण्यांतील सुलभता अशा तीन अंगांनीं विचार होतो. हीं तीन अंगें चांगलीं आहेत. जेथें अशी मंडळें नाहींत तेथें वाचकानें तीं स्वतः लावावीं. पंडिताचें टांचण शुद्ध असूनहि शिकविण्यास निरुपयोगी ठरतें, आणि आकर्षक चित्रांचा पाठ अशुद्ध निघतो, हे दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत.

(४) हक्कांचा प्रश्न

विनामूल्य आणि मुक्त हे शब्द समानार्थी नाहींत. जें फुकट वाचतां येतें तें बदलतां व वांटतां येईलच असें नाहीं. डेव्हिड वायली यांनीं मुक्त साहित्याचीं पांच लक्षणें सांगितलीं आहेत: स्वतःजवळ ठेवतां यावें, वापरतां यावें, बदलतां यावें, दुसऱ्या साहित्याशीं जोडतां यावें व पुन्हां वांटतां यावें. हे अधिकार परवान्यानें मिळतात. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ सालीं स्थापन झाली व तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्यें निघाले. त्यांत चार अटींची निरनिराळी जुळणी असते. कर्त्याचा निर्देश करावा, ही पहिली. व्यापारी उपयोग करूं नये, ही दुसरी. फेरफार केलेली कृति प्रसृत करूं नये, ही तिसरी. फेरफार केल्यास नवी कृति त्याच अटींवर द्यावी, ही चौथी.

मराठी अध्यापकास तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण भाषांतर हाहि फेरफारच गणला जातो. जेथें ती अट आहे तेथील इंग्रजी पाठ मराठींत करून प्रसिद्ध करतां येत नाहीं. तसेंच, व्यापारी उपयोगाची मनाई व त्याच अटींवर देण्याचें बंधन अशा दोन्ही अटी असलेला पाठ, आणि केवळ दुसरें बंधन असलेला पाठ, यांच्या मिश्रणानें एक नवा पाठ रचून प्रसिद्ध करतां येत नाहीं. दोहोंच्या अटी एकमेकांस जुळत नाहींत. काम संपल्यावर हें कळलें तर श्रम वायां जातात. म्हणून परवाना आधीं वाचावा.

संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट जाणावी. १९५७ च्या हक्कविषयक कायद्याप्रमाणें ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षेंपर्यंत हक्क चालतो. इतिहासाचार्य राजवाडे यांचें निधन १९२६ सालीं झालें. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या लेखनास आज हें बंधन नाहीं. परंतु जुन्या ग्रंथाच्या अलीकडील आवृत्तींतील प्रस्तावना व टीपा यांवर संपादकाचा हक्क असूं शकतो. मूळ ग्रंथ जुना म्हणून सर्वच मोकळें, असें समजूं नये.

(५) भांडारेंहि बंद पडतात

या विषयांतील अत्यंत गंभीर गोष्ट हीच आहे. ब्रिटनमध्यें जिस्क या संस्थेच्या साहाय्यानें 'जोरम' नांवाचें भांडार चालत असे. हें नांव सर्वांनीं मिळून ज्यांतून प्यावें अशा मोठ्या पात्राचें आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें तें बंद करण्यांत आलें. अमेरिकेंतील राइस विद्यापीठानें १९९९ सालीं सुरू केलेलें 'कनेक्शन्स' हें भांडारहि पुढें नांव बदलून २०२२ सालीं बंद झालें. त्यांतून वाढलेलीं पाठ्यपुस्तकें मात्र 'ओपनस्टॅक्स' या नांवानें चालू आहेत. हीं कामें सूचना देऊन झालीं, तरी ज्यांनीं आपला पाठ दुसरीकडे ठेवला नव्हता त्यांची गैरसोय व्हावयाची ती झालीच. ज्ञानभांडार द्रव्यावर चालतें, आणि द्रव्य देणाराचें धोरण बदलतें.

यावर उपाय आपल्या पूर्वजांचाच आहे. एकाच ग्रंथाच्या प्रती काशीस, पैठणास व तंजावरास होत्या म्हणून एक जळाली तरी दुसरी राहिली. स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९९९ सालीं सुरू झालेली 'लॉक्स' ही योजना याच तत्त्वावर आहे: पुष्कळ प्रती असाव्या, व त्या निरनिराळ्या ग्रंथालयांच्या हातीं असाव्या.

याच्या उलट, जेथें कांहींच भांडारांत ठेवलें नाहीं तेथें काय होतें तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका अध्यापकांनीं सुमारें तीस वर्षें मोडी शिकविली. प्रत्येक वळणाच्या अक्षरांचे तक्ते, निवडक पत्रांच्या नकला, विद्यार्थ्यांच्या नेहमींच्या चुकांची यादी, असें सर्व त्यांच्या वह्यांत होतें. त्यांच्या पश्चात् त्या वह्या एका संस्थेकडे गेल्या, आणि जागेच्या अडचणीमुळें रद्दींत निघाल्या. मूळ कागद दप्तरांत सुरक्षित आहेत. ते वाचावयास शिकविण्याची तीस वर्षांची युक्ति गेली. हें नुकसान कोणत्याहि सूचींत नोंदलें जाणार नाहीं.

(६) काय करावें

मोडीच्या पाठाचेंच उदाहरण घेऊं. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत, आणि जुन्या पत्रांतील काल पुष्कळदां शुहूर सनांत, अरबी संख्यावाचकांनीं दिलेला असतो. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. आतां हें सर्व एकाच मोठ्या पाठांत गोंवलें तर तो पाठ आपल्या वर्गास उत्तम लागू पडेल, पण दुसऱ्यास त्यांतला तुकडा घेतां येणार नाहीं. अगदीं सुटे तुकडे ठेवले तर कोणासहि घेतां येतील, पण त्यांपासून शिकणाऱ्यास बोध थोडा. ही अडचण वायली यांनीं पूर्वींच दाखविली आहे. म्हणून दोन्ही करावें: संपूर्ण पाठ द्यावा आणि त्याचीं अंगें वेगळींहि द्यावीं. पत्राचें छायाचित्र, त्याचें बाळबोध लिप्यंतर, कठीण शब्दांचा कोश, कालगणनेचा स्वाध्याय व उत्तरें, अशीं पांच अंगें पुरेशीं होत. मग आदिलशाही कागद वाचणारा शुहूर सनाचा स्वाध्याय तेवढा घेईल, आणि तंजावरचीं मोडी दप्तरें पाहणारा अक्षरांचा तक्ता घेईल.

लिप्यंतर युनिकोडमध्यें असावें. जुन्या खाजगी टंकांत लिहिलेलें दुसऱ्याच्या संगणकावर वाचतां येत नाहीं व शोधतांहि येत नाहीं. मोडीस युनिकोडमध्यें जून २०१४ पासून स्वतंत्र स्थान आहे. पाठ बदलतां येईल अशा रूपांत ठेवावा. केवळ छापील पानाच्या चित्रानें पुढच्या अध्यापकाचे हात बांधले जातात. छायाचित्र देण्यापूर्वीं कागदाच्या मालकाची लेखी अनुमति घ्यावी. पाठ एका भांडारांत ठेवून थांबूं नये. एक प्रत कायम क्रमांक देणाऱ्या भांडारांत, एक संस्थेच्या ग्रंथालयांत व एक स्वतःजवळ असावी.

आपला पाठ दुसऱ्यानें पाहिला तर त्यांतले दोष निघतील, या भीतीनें पुष्कळ विद्वान् मागें राहतात. दोष निघतीलच, पोथींचेहि निघतात, आणि त्यामुळेंच पाठ शुद्ध होतो. ज्या वाचकांजवळ मोडी, जुनें मराठी गद्य अथवा पोथीलेखनाची पद्धति शिकविण्याचीं टांचणें असतील, त्यांनीं वर सांगितलेल्या पंधरा सदरांपैकीं निदान कर्ता, तारीख, मूळ, भाषा व हक्क हीं पांच भरून तीं भांडारांत ठेवावीं. टांचणाची वही अर्धवट असली तरी हरकत नाहीं. पुढची प्रत करणारा ती पुरी करील.