आधी गाळा, मग जोडा : डेटाबेस यादी कशी शोधतो?



शाळेची माहिती आता रजिस्टरइतकीच संगणकावरही असते. त्यातून यादी मागितली की कधी क्षणात येते, कधी नुसतं चक्र फिरत राहतं. याचं एक कारण डेटाबेसच्या आत दडलेलं असतं. चला, उदाहरणाने समजून घेऊया.

समजा, नाशिक जिल्ह्याचे दोन तक्ते आहेत. 'विद्यार्थी' तक्त्यात १० लाख ओळी, 'शाळा' तक्त्यात ५ हजार. आपल्याला हव्यात सुरगाणा तालुक्यातल्या सातवीच्या मुली, शाळेच्या नावासह.

पहिली पद्धत : दहाही लाख विद्यार्थ्यांना त्यांची शाळा जोडायची, मग नको ते काढून टाकायचं.
दुसरी पद्धत : आधी सुरगाण्याच्या शाळा आणि सातवीच्या मुली वेगळ्या काढायच्या, मग तेवढ्याच जोडायच्या.

उत्तर एकच, पण दुसऱ्या पद्धतीत कष्ट कितीतरी कमी. डाळ निवडून मगच शिजवतो ना, तसंच! गाळण्याला 'फिल्टर' आणि जोडण्याला 'जॉइन' म्हणतात. पद्धत निवडणारा भाग म्हणजे 'क्वेरी ऑप्टिमायझर'.

तक्ते वाढले की जोडण्याचे क्रमही वाढतात. १० तक्ते एकामागून एक जोडायचे तर ३६,२८,८०० क्रम होतात! १९७९ मध्ये आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी यावर मार्ग मांडला : लहान गटाची स्वस्त पद्धत लक्षात ठेवायची आणि तिच्यावरच पुढचा तक्ता चढवायचा. आपल्याकडे पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन यांनी याच विषयात मोलाचं संशोधन केलं आहे.

ऑप्टिमायझर चुकतो तो अंदाजात. 'इयत्ता सातवी' म्हणजे दहात एक, 'वय १२' म्हणजेही दहात एक. तो गुणाकार करतो : शंभरात एक, म्हणजे १० हजार ओळी. पण सातवीतली बरीच मुलं बारा वर्षांचीच असतात, म्हणून ओळी निघतात त्याच्या कितीतरी पट. मग थोड्या ओळींसाठी बरी असलेली पद्धत इथे रखडते. उपाय? दोन रकान्यांचं नातं त्याला सांगायचं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. 'सगळ्या शाळा दाखवा, सातवीत मुली नसल्या तरी' अशी यादी हवी असेल, तर सातवीच्या मुलींची गाळणी जोडण्याआधीच लावावी लागते. जोडल्यानंतर लावली, तर मुली नसलेली शाळा यादीतूनच गायब होते. आणि आपल्याला नेमकी तीच शाळा शोधायची असते! म्हणून चांगला ऑप्टिमायझर उत्तर बदलत नसेल तरच गाळणी हलवतो.

वर्गात करून बघा : मुलांच्या आणि गावांच्या चिठ्ठ्या बनवा, दोन गट पाडा. एक गट आधी जोडेल, दुसरा आधी गाळेल. घड्याळ लावा. मुलं कारण स्वतःच सांगतील.